सातव्या ठाण्यावरचे सहा सेकंद

मानवाच्या इतिहासातली प्रत्येक थोर मोहीम एका थोर प्रश्नातून जन्माला आली आहे. डोंगरापलीकडे काय आहे? समुद्रापलीकडे कोण राहतं? आमच्या मोहिमेचा प्रश्नही याच तोलाचा होता. तीन वर्षं आभाळातून धड पाऊस नाही, विहिरी आटल्या, ओढे आटले, नळ चौथ्या दिवशी खोकल्यासारखा आवाज काढून गप्प बसतो. मग आमची नदी वाहते कशाच्या जिवावर?

प्रश्न थोर होता, यात वाद नाही. मी मात्र त्यात पडलो ते बायकोच्या एका वाक्यामुळे.

"दिवसभर खुर्चीत बसून दुष्काळाला नावं ठेवताय, त्यापेक्षा जा की ताईच्या यजमानांबरोबर. पोट तरी उतरेल."

ताईचे यजमान म्हणजे माझे साडू. त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं, नदी मोजली. पुलाखाली त्यांची एक खोली होती, खोलीत एक टेबल, टेबलावर वही, भिंतीला छत्री. रोज सकाळी पाण्यात पट्टी बुडवायची, वेग घ्यायचा, वहीत आकडा लिहायचा. पस्तीस वर्षं. मीही आयुष्यभर एकच काम केलं, दर रविवारी वर्तमानपत्रात लोकांची टिंगल. दोघंही निवृत्त झालो. त्यांच्या जागी दुसरा माणूस आला. माझ्या जागी जाहिरात आली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती पुढे ढकलावीशी वाटते, म्हणूनच आत्ता सांगतो. अठरा वर्षांपूर्वी साडूंनी खात्याकडे अर्ज केला होता की नदीच्या वरच्या खोऱ्यात चाळीस निरीक्षण-विहिरी खणाव्यात. 'पावसाळ्यात नदी आभाळाची असते, उन्हाळ्यात जमिनीची,' असं त्यांनी त्यात लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं होतं की उन्हाळ्यात पुलाखालून वाहतं ते जमिनीत मुरलेलं जुनं पाणी. ते कुठे आहे, किती आहे, हे आत्ताच मोजून ठेवा. मला त्या रविवारी विषय सापडत नव्हता. मी 'पाताळराव' नावाचा एक गृहस्थ रंगवला. तो जमिनीला कान लावून झोपतो, नागलोकाशी पत्रव्यवहार करतो आणि चाळीस भोकांसाठी सरकारकडे परवानगी मागतो. गाव आठवडाभर हसलं. खात्याच्या बैठकीत कुणीतरी तो लेख चहाच्या आधी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. चहा झाला, विहिरी रद्द झाल्या. साडूंना पाताळराव हे नाव मात्र कायमचं चिकटलं.

ते माझ्याशी याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. घरी जेवायला गेलो की मला आग्रह करकरून वाढायचे. माणसानं सूड घ्यावा तर असा.

आणि आता त्यांची मुलगी, पाणीपुरवठ्यात बोअरची इंजिनियर, दहा दिवसांत अहवाल देणार होती. वरच्या खोऱ्यात गोट्यांचं एक मोठं पठार आहे. तिथे बारा खोल बोअर मारून शहराला पाणी आणायचं घाटत होतं. साडूंचं म्हणणं, तेच पाणी म्हणजे नदी. तिथे उपसलं तर पुलाखालची धार बंद पडेल, आणि धारेवर जगणारी खालची चौदा गावं उठतील.

"बाबा, मला पटतं. पण अहवालात 'बाबा म्हणाले' असं लिहिता येत नाही," इंजिनियरबाई म्हणाल्या. "चाळीस विहिरींच्या नोंदी असत्या तर पाच मिनिटांत सिद्ध झालं असतं."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. त्यासाठी दोघांनाही थोडे कष्ट पडले.

तर उपाय एकच उरला होता. नदीच्या कडेनं चालत वर जायचं आणि पुलापासून ठराविक अंतरावर एकेक ठाणं धरून पाणी मोजायचं. ओढे सगळे कोरडे. म्हणजे वरच्या ठाण्यापेक्षा खालच्या ठाण्याला पाणी जास्त भरलं, तर ते वाटेत कुणी ओतलेलं नाही, जमिनीतून आलेलं आहे. इतकं सोपं. सगळा खेळ पठारावर होता. पठाराखाली सातवं ठाणं, पठारावर आठवं. दोन्हींतला फरक म्हणजे पठाराची देणगी.

मोजायची पद्धत साडूंची. नदीवर वीस पावलांच्या अंतरानं दोन दोर ताणायचे. साडू पुरुषभर लांबीची लाकडी पट्टी घेऊन पाण्यात उतरून खोली सांगणार. मग वरच्या दोराशी लाकडी तरंगा सोडायचा, तो खालच्या दोराखाली येईपर्यंतचे सेकंद मोजायचे, तीनदा. आणि त्यांचा एक कडक नियम होता, घड्याळ एकाच्या हातात, वही दुसऱ्याच्या. लिहिणाऱ्यानं घड्याळ बघायचं नाही, बघणाऱ्यानं वही बघायची नाही.

"का हो?" मी विचारलं.

"माणूस आकड्याला मदत करायला जातो," साडू म्हणाले. "आकड्याला मदत लागत नाही."

वही इंजिनियरबाईंकडे राहिली. घड्याळ माझ्या हातात आलं. इतिहासात याहून वाईट नेमणुका झाल्या असतील, पण मला आठवत नाहीत.

पहिले तीन दिवस मोहीम मजेत गेली. पाठीवर बिस्किटं, फुटाणे, दोर, पट्टी. पायाखाली तापलेली वाळू. दोन्ही काठांवर झाडं उभ्याउभ्या वाळलेली, शेतांना तळहात जाईल एवढ्या भेगा, आणि या सगळ्यामधून एक हिरवट, शांत धार, जणू हिला कुणी दुष्काळाची बातमीच दिली नव्हती. साडू अनवाणी पाण्यातून चालायचे. मध्येच थांबायचे, काठीला बांधलेला थर्मामीटर तळाशी टेकवायचे.

"इथं या. पाय ठेवा."

मी पाय ठेवला. वरचं पाणी कोमट, तळाला मात्र माठातल्यासारखं गार.

"इथून येतंय," ते म्हणाले. "जमिनीला उन्हाळा कळत नाही. तळव्याला लागतंय ते पाणी तुमच्या लग्नाच्या सुमारास पडलेलं असेल. दगडगोट्यांतून दिवसाला वीतभर सरकत आत्ता पोचलंय."

लग्नाच्या सुमारासचं काहीतरी अजून गार आहे, हे घरी सांगायचं मी ठरवलं आणि मग न सांगायचं ठरवलं.

चौथ्या दिवशी घळ लागली. दोन्ही बाजूंना सरळ कडे, मध्ये धार, आणि समोर तीन पुरुष उंचीचा कोरडा धबधबा. पाणी त्याच्या बुडातल्या एका फटीतून येत होतं. इंजिनियरबाई आधी चढल्या, वरून दोर टाकला. साडू चढले. मी चढलो असं म्हणणं दोघांवर अन्याय होईल. मला वर ओढण्यात आलं.

अर्ध्यावर लोंबकळत असताना कानाशी गुणगुण आली. कड्याचा एक ओला पट्टा काळा दिसत होता. मला वाटलं शेवाळ. शेवाळ हललं!

"काका, हलू नका," वरून आवाज आला.

मधमाश्या. सगळ्या कड्यावर ओल तेवढीच, आणि तिच्या खालोखाल घामानं ओला मीच. एक मानेवर बसली. दुसरी पापणीवर. तिसरी ओठावर. मी श्वास धरला. दोर इंच इंच वर सरकत होता. पाय निसटला! खडा खाली गेला, ठण्ण वाजला, आणि सगळा पट्टा उठला!

"बघतेस काय, ओढ गं!" साडू ओरडले. दोघांनी मला पोत्यासारखं खेचून काठावर घेतलं आणि तिघंही वरच्या डोहात पडलो. नाक तेवढं बाहेर. अर्धा तास. मला अकरा डंख, साडूंना सहा, इंजिनियरबाईंना एक, तोही मला बाजूला ढकलताना.

"पाताळात माश्या नसतात," साडू नाकापुरते वर येऊन म्हणाले.

अठरा वर्षांत त्यांनी तो शब्द पहिल्यांदा उच्चारला होता. मी हसलो. हसताना नाकात पाणी गेलं. खोकताना बरं वाटलं, कारण त्यामुळे मला काही बोलावं लागलं नाही.

त्या संध्याकाळी सहाव्या ठाण्यावर पाणी भरलं सेकंदाला पाचशे नव्वद लिटर. इंजिनियरबाईंनी आकडा मोठ्यानं वाचला. साडूंनी मान हलवली, पण चेहरा पडला. त्यांना जास्त हवं होतं, असं मला वाटलं. मी आयुष्यभर चेहरे वाचून पोट भरलं. हाही वाचला. पुढे कळलं, माशीनं चावलेला गाल दुखत होता.

पाचव्या दिवशी आम्ही सातव्या ठाण्यावर पोचलो. पठार समोरच होतं. डोळे पोचतील तिथपर्यंत पांढरे, करडे गोटे, मध्ये एक झाड नाही. त्याच्या पायथ्याशी आम्ही दोर ताणले. साडू पाण्यात उतरले. तरंगा सुटला.

एक्केचाळीस सेकंद.

आता पाहा. सेकंद कमी म्हणजे वेग जास्त, वेग जास्त म्हणजे पाणी जास्त, एवढं गणित मला तोवर आलं होतं. पठाराखाली पाणी भरपूर दिसायला हवं, हेही कळत होतं. समोर गुडघाभर पाण्यात माझा साडू उभा होता, ज्याच्या चाळीस विहिरी मी एका रविवारी बुजवल्या होत्या. तीस वर्षं मी ज्याचं त्याचं वाढवून सांगत आलो. वाईटाचं वाढवलं. म्हटलं, एकदा चांगल्यासाठी.

"पस्तीस," मी म्हणालो.

दुसऱ्यांदा बेचाळीस भरले, छत्तीस सांगितले. तिसऱ्यांदा चाळीस, सांगितले चौतीस. वहीत आकडे पडले. मला इतकं हलकं वाटलं की दोर गुंडाळताना मी शीळ घातली.

पठार ओलांडायला दीड दिवस लागला. गोटे इतके तापलेले की बुटांचे तळ मऊ झाले. धार बारीक होत गेली. आधी खोलीएवढी रुंद, मग दाराएवढी, मग उंबऱ्याएवढी. आठव्या ठाण्याला सेकंदाला एकशे चाळीस लिटर, आणि त्यावर मैलभर गेलं की नदी नव्हतीच. नुसते गोटे. या टोकाला काही नाही आणि त्या टोकाला अख्खी नदी! मी तर मनातल्या मनात हार घालून घेतला.

इंजिनियरबाई सावलीला बसून आकडेमोड करत होत्या. खूप वेळ झाला. मग म्हणाल्या, "बाबा, हे बघा जरा."

साडूंनी वही घेतली.

"सातव्याला सहाशे बत्तीस," त्या म्हणाल्या. "सहाव्याला पाचशे नव्वद. म्हणजे पठारातून निघालेलं पाणी खाली जाताना कमी होतंय. जमीन नदीला देत नाहीये. नदीच जमिनीत जिरतेय."

वेळ लागला, पण मला कळलं. मी पाणी वाढवलं होतं चुकीच्या टोकाला! सातव्याला जास्त दाखवून मी पठाराची बाजू घेतली खरी, पण खालच्या सगळ्या नदीची साक्ष फिरवली. खात्यातला कुणीही शहाणा म्हणेल, वाटेतच चाळीस-पन्नास लिटर मुरतंय, वरून थोडं आणखी काढलं तर बिघडलं काय?

साडूंनी बोटानं दोन्ही ओळी पुन्हा तपासल्या. मग त्यांनी ती मिटली, आणि माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "म्हणजे तुमचा लेख बरोबर होता म्हणायचं."

इथे मी बोलायला हवं होतं. वाचकांना वाटेल मी बोललो. मी बिस्किट खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठलो तेव्हा साडू जागेवर नव्हते. काठी नव्हती, थर्मामीटर नव्हता.

"झरे शोधायला गेले असणार," इंजिनियरबाई बूट चढवत म्हणाल्या. "त्यांना तो आकडा पचलेला नाही. काल रात्रभर कूस बदलत होते. काका, तुम्ही घड्याळ नीट पाहिलं होतं ना?"

"चला आधी," मी म्हणालो.

आठव्या ठाण्याच्या खाली तासाभरावर, गोट्यांच्या उतारामागे, एक खोलगट जागा होती. येताना आम्ही दुसऱ्या काठानं आलो होतो, म्हणून ती दिसली नव्हती. तिथे हिरवं गवत होतं. तीन वर्षांत एवढं हिरवं मी पाहिलं नव्हतं. गवताच्या मध्ये वाळूचं एक गोल अंगण, आणि त्या वाळूत शेकडो ठिकाणी पाणी खालून वर उकळी फुटल्यासारखं नाचत होतं, पण गार, बर्फासारखं गार, बिनआवाज. चहूकडून पाण्याच्या दोऱ्या सुटून एकत्र होत होत्या आणि त्यातून नदी उठून चालू लागत होती.

आणि अंगणाच्या मध्यावर माझे साडू छातीपर्यंत वाळूत होते.

"पुढे येऊ नका," ते म्हणाले. आवाज शांत होता. ओठ निळे होते. "खालून पाणी येतंय, वाळू तरंगतेय. पाय गोट्यांत अडकलाय. मोडला बहुतेक."

इंजिनियरबाईंनी दोर सोडला. पहिला फेकला, कमी पडला. दुसरा साडूंनी काखेतून घेतला. ओढलं. साडूंच्या तोंडून आवाज निघाला. एक इंच हलले नाहीत. वाळू गळ्याकडे सरकली!

"काका, आडवे व्हा! मोजपट्टी पुढे टाका, तिच्यावर झोपा!"

मी झोपलो. मोजपट्टी अंगाखाली, तोंड वाळूत. सरपटलो. हात पोचला. त्यांच्या काखेत हात घातला. वाळू हलत होती, माझ्या पोटाखाली जिवंत जनावर असावं तशी. मी खाली हात घालून त्यांच्या मांडीपर्यंत पोचलो, गोटा लागला, गोटा हलवला. माझं तोंड त्यांच्या कानाशी होतं. आणि अठरा वर्षं ज्या तोंडाला वेळ मिळाला नव्हता, त्याला तेव्हा कंठ फुटला.

"एक्केचाळीस होते."

"काय?"

"सातव्याला. एक्केचाळीस, बेचाळीस, चाळीस. मी सहा सहा कमी सांगितले."

साडूंनी डोळे मिटले. मला वाटलं, गेले. पण ओठ हलत होते. ते भागाकार करत होते.

"पाचशे चाळीस," ते म्हणाले. "पाचशे चाळीस! सहाव्याला पाचशे नव्वद. अगं, बरोबर येतंय! वाढतेय! नदी वाढतेय!"

"बाबा, पाय सोडवा आधी!"

गोटा सुटला. दोर ताणला. ते एकदम वर आले आणि मी एकदम खाली गेलो; मग मलाही काढण्यात आलं. आम्ही तिघं गवतावर पडलो होतो. साडूंचा पाय नको त्या दिशेला वळला होता. तरी ते मान वळवून झऱ्यांकडे बघत होते. पस्तीस वर्षं पुलाखाली ज्याचं शेपूट मोजलं, त्याचं तोंड आज दिसलं होतं.

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"खरं पुरेसं होतं हो," ते म्हणाले. रागानं नाही. राग परवडला असता.

इंजिनियरबाईंनी पायाला काठी बांधली, नकाशा काढला, पेन्सिल हातात घेतली. नकाशावर या जागी काहीच नव्हतं. आपलं नाव लागावं असा शोध माणसाला आयुष्यात एकदा लागतो.

"ठिपका काढू नकोस," साडू म्हणाले.

"बाबा, हा तुमचा पुरावा आहे."

"आकडे आहेत ना. ठिपका दिसला की लोकांना भोक दिसतं. पहिलं बोअर इथंच मारतील."

इंजिनियरबाईंनी पेन्सिल नकाशावर टेकवली. मग खिशात घातली.

खाली यायला तीन दिवस लागले. दोरांची झोळी करून साडूंना आणलं. पुढे मी, मागे इंजिनियरबाई. वाटेत सातव्या ठाण्यावर पुन्हा मोजलं. या वेळी घड्याळ झोळीत होतं, साडूंच्या हातात. पाचशे बत्तीस. दोन-तीन दिवसांत नदी जेवढी उतरायची तेवढीच उतरली होती. पण साडूंनी तो आकडा तक्त्यात घालू दिला नाही. दुसऱ्या दिवशीचा आकडा दुसऱ्या दिवशीचा. सातव्याची मूळ ओळ त्यांनी रेघ मारून खोडली आणि खाली मुलीला टीप लिहायला लावली: 'वेळ घेणाऱ्याने जाणूनबुजून चुकीचे सेकंद सांगितले. फेरमोजणी वेगळी जोडली आहे.'

"'नजरचुकीने' लिहूया ना, बाबा."

"नजरचूक नव्हती."

अहवाल दहाव्या दिवशी गेला. बैठकीत मला बोलावलं नव्हतं, तरी मी दाराशी उभा होतो. झऱ्यांबद्दल कुणी विचारलं नाही. पस्तीस वर्षांच्या वह्यांबद्दल कुणी विचारलं नाही. एका सदस्यानं शेवटच्या पानावरची टीप तेवढी वाचून दाखवली. चांगलं वाचत होता. विनोदाची जागा त्याला बरोबर कळली.

"एक आकडा जाणूनबुजून खोटा," तो म्हणाला, "तर बाकीचे खरे कशावरून?"

इंजिनियरबाई दीड तास भांडल्या. बारा बोअर मागितले होते, पाच मंजूर झाले, 'प्रायोगिक' म्हणून, पठाराच्या वरच्या अंगाला. शून्य व्हायला हवे होते, आणि झाले असते. मधला फरक माझा.

उन्हाळा संपता संपता पुलाखालचं पाणी चार बोटं उतरलं. नदी अजून वाहते. पुलावर उभं राहून लोक म्हणतात, बघा, एवढ्या दुष्काळातही वाहतेय. मी बोटं मोजतो.

साडूंच्या पायाचं प्लास्टर मांडीपर्यंत होतं. मी रोज जायचो, इकडचं तिकडचं बोलून परत यायचो. शेवटी एके दुपारी घरात कुणी नाही असं पाहून खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि सगळं बोललो. लेखाबद्दल बोललो. चाळीस विहिरींबद्दल, आग्रह करून वाढलेल्या जेवणांबद्दल, बिस्किटाबद्दल. तीस वर्षांत मी इतकं लांब आणि इतकं विनोदाशिवाय कधी बोललो नव्हतो. शेवटी म्हणालो की मी तुमची नदी दोनदा आटवली, एकदा हसून आणि एकदा मदत करून, आणि याची भरपाई माझ्याच्यानं या जन्मी व्हायची नाही.

साडू छताकडे बघत शांतपणे ऐकत होते. कपाळावर आठी होती. डोळ्यांच्या कडेला पाणी आलं होतं. मी श्वास धरून बसलो.

"ते राहू द्या," ते म्हणाले. "प्लास्टरच्या आत मघापासून मरणाची खाज सुटलीय. तुमच्या मेहुणीची विणायची सुई असेल बघा त्या खिडकीत. तेवढी द्या."